पोर्ट युनियन : घरे जपायची ती कोणाच्या आठवणीसाठी?

वाळवलेल्या कॉडचा ढीग धक्क्यावर पडला की व्यापाऱ्याचा माणूस एकेक मासा उचलून, त्यावर क्षणभर नजर टाकून, या किंवा त्या राशीत फेकत असे. ‘मर्चंटेबल’ म्हणजे चांगला, ‘मदेरा’ म्हणजे मध्यम आणि ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे हलका, अशी ती प्रतवारी होती. त्या एका नजरेवर मच्छीमाराच्या कुटुंबाचा हिवाळा अवलंबून असे, कारण वसंतात मीठ, पीठ आणि जाळी त्याच व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेली असत, भाव तोच ठरवी आणि खातेवहीही त्याच्याच घरी असे. रोख पैसा हातात न पडताच अनेकांची आयुष्ये संपली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटावरचे पोर्ट युनियन हे गाव या खातेवहीला दिलेले उत्तर आहे आणि ते जपण्याविषयी बोलताना हीच गोष्ट सर्वात आधी निसटते, असे माझे मत आहे.

विल्यम कोकर यांनी नोव्हेंबर १९०८ मध्ये हेरिंग नेक येथे मच्छीमार संरक्षण संघटना स्थापन केली, तेव्हा पहिल्या सभेत सभासद झालेले लोक केवळ १९ होते. काही वर्षांतच ही संख्या २०,००० च्या पुढे गेली. संघटनेने स्वतःचे वृत्तपत्र आणि स्वतःची व्यापारी कंपनी सुरू केली, आणि १९१२ च्या ‘बोनाव्हिस्टा जाहीरनाम्या’त माशांची प्रतवारी सर्वत्र एकसारखी असावी, अशी मागणी केली. पुढे १९१६ पासून कॅटालिना बंदराच्या काठावर संघटनेने चक्क गावच वसवायला घेतले. मासळीची गोदामे, दुकान, छापखाना, जहाजबांधणी, शीतपेयांचा कारखाना आणि स्वतःचे जलविद्युत केंद्र तेथे उभे राहिले. कामगारांसाठी एकाला एक लागून बांधलेल्या लाकडी घरांत वीज होती. आसपासच्या किनाऱ्यावरील अनेक वस्त्या त्या काळी रॉकेलच्या दिव्यावर होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विजेच्या दिव्यांचे मोल कळते.

आज हा भाग कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. कोकर यांचा बंगला संग्रहालय म्हणून पाहता येतो आणि जुन्या कारखान्याची इमारत वारसा प्रतिष्ठानाने पुन्हा उभी केली आहे. हे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. मात्र बंगला पाहून परतणाऱ्या माणसाच्या मनात एका थोर पुरुषाची कथा राहण्याचा धोका असतो, आणि ज्यांच्या वर्गणीवर हे सारे उभे राहिले ते हजारो लोक त्या कथेत नुसते गर्दी होऊन जातात.

शिवाय ती कथा सरळही नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, सरकारात सामील असलेल्या कोकर यांनी सक्तीच्या सैन्यभरतीला पाठिंबा दिला आणि ज्या किनारी वस्त्यांनी त्यांना मोठे केले त्याच वस्त्यांत फसवणुकीची भावना पसरली. गावातील चर्च युद्धात मरण पावलेल्या सभासदांच्या स्मृतीला वाहिलेले आहे; तेथे उभे राहणाऱ्याला हा संदर्भ ठाऊक असायलाच हवा. पुढच्या काळात कंपनीचा कारभार वाढला आणि चळवळ मागे पडत गेली. मालकाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या संघटनेला स्वतःच मालक व्हावे लागले, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यावर उधारी कोणाला द्यायची व कोणाला नाही हा प्रश्न तिलाही चुकला नाही. (मला तरी हा भाग यशाच्या गोष्टीपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो.) एवढे जपताना हे वगळले, तर उरतील त्या फक्त रंगवलेल्या फळ्या.

गावाचे पोट कॉडवर होते. २ जुलै १९९२ रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि या किनाऱ्यावरील हजारो लोकांचे काम गेले. सप्टेंबर २०१० मध्ये इगोर चक्रीवादळाने पोर्ट युनियनमधील कोळंबी प्रक्रिया कारखान्याचे नुकसान केले आणि तो पुन्हा सुरू झाला नाही. अशा गावात ‘वारसा’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न रोजगाराचा येतो, आणि तो यायलाच हवा. पर्यटन हे त्याचे अपुरे उत्तर आहे. मोसम चार महिन्यांचा असतो आणि हिवाळा लांब असतो.

म्हणून माझा आग्रह त्या ओळीतील घरांसाठी आहे. ती दुरुस्त करून परवडणाऱ्या भाड्याने राहायला द्यावीत. दोरी बांधून दाखवण्यापुरती ठेवू नयेत. हा आग्रह भावनेपोटी नाही. समुद्राचा खारा वारा आणि बर्फ यांपुढे रिकामे लाकडी घर फार टिकत नाही : आत ओल धरते, चौकटी फुगतात आणि कुजणे भिंतीच्या आतून सुरू होते. चूल पेटती राहिली, खिडक्या उघडमीट झाल्या आणि छत गळताच तक्रार करणारे कोणी घरात असले, तर तेच घर कितीतरी अधिक वर्षे काढते. तक्रार ऐकायला कोणीतरी असावे, यासाठीच तर त्या १९ जणांनी सभा घेतली होती.