‘यंत्र बंद होतं म्हणून विमान पडलं’: गुआमच्या अपघातावरचा मेसेज कुठे चुकतो

डिसेंबरात धुकं पडलं किंवा पावसाळ्यात ढग खाली आले की छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचं नाहीतर नांदेडचं विमान दुसरीकडे वळतं, आणि त्याच संध्याकाळी मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: “१९९७ ला गुआम विमानतळावर विमान उतरवायचं यंत्र बंद ठेवलं होतं. पायलट झोपेत होता. टॉवरवाले बघत बसले. २२८ माणसं गेली. आपल्याकडे १९९३ ला हेच झालं. आयएलएस बसवा, मग कितीही धुकं असो, विमान उतरणारच.”

२२८ हा आकडा बरोबर आहे. बाकीचं एकेक पाहू.

आधी १९९३, कारण ते सर्वांत सोपं. २६ एप्रिलचा चिकलठाण्याचा अपघात उतरताना झालाच नाही, आणि धुक्याचा तर संबंधच नाही. भर दुपारी उड्डाण घेताना इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ ची चाकं धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला लागली. ११८ पैकी ५५ जण गेले. विमानाचं नाक उशिरा उचललं गेलं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, अशी दोन्ही कारणं चौकशीत नोंदवली गेली. एप्रिलच्या उन्हात धुकं कुठून आणणार?

आता गुआम, पॅसिफिकमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. ६ ऑगस्ट १९९७, मध्यरात्र उलटून गेलेली, सरींचा पाऊस. सोलहून आलेलं कोरियन एअरचं ८०१ क्रमांकाचं जम्बो, आत २५४ जण.

“यंत्र बंद ठेवलं होतं” हे अर्धसत्य आहे. आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला पट्टीवर उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा. तिचे मुख्य भाग दोन. लोकलायझर डावं-उजवं दाखवतो, ग्लाइड स्लोप किती उतरायचं ते दाखवतो. बंद होता तो फक्त ग्लाइड स्लोप. तो कामासाठी बंद असल्याची सूचना आधीच निघालेली होती आणि उतरायची परवानगी देतानाही कंट्रोलरने तो वापरण्याजोगा नसल्याचं सांगितलं. अशा वेळी उतरायची पद्धत ठरलेली असते: पायऱ्या पायऱ्यांनी. गुआमच्या नकाशावर त्या छापलेल्या होत्या. व्हीओआर या रेडिओ-खांबापासून १.६ सागरी मैलांपर्यंत २,००० फुटांखाली जायचं नाही. तिथून व्हीओआरपर्यंत १,४४० च्या खाली नाही. तो ओलांडल्यावरच ५६० फूट, आणि तिथे धावपट्टी दिसली नाही तर वर निघायचं. विमान आदळलं ते व्हीओआरच्या अलीकडे, सुमारे ६६० फुटांवर. म्हणजे ज्या पायरीवर १,४४० फूट हवेत, तिथे ते जवळपास ८०० फूट खाली होतं. ग्लाइड स्लोप नसताना पायऱ्या हाच आधार असतो, आणि तोच पाळला गेला नाही.

का पाळला गेला नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. डीएमई हे अंतर दाखवणारं उपकरण. पुष्कळ विमानतळांवर ते धावपट्टीपाशीच असतं, त्यामुळे आकडा शून्याकडे सरकला की धावपट्टी आली असं वैमानिकाच्या अंगवळणी पडतं. गुआमला ते व्हीओआरसोबत निमिट्झ टेकडीवर होतं, धावपट्टीच्या ३.३ सागरी मैल अलीकडे. शून्य आलं की खाली डोंगर, पट्टी अजून सहा किलोमीटर पुढे. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला साधारण ३२० फूट उतरतात, ३.३ मैलांचे झाले हजारावर. पट्टीची अडीचशे फुटांची उंची त्यात मिळवा, म्हणजे व्हीओआरपाशी विमान तेराशे फुटांच्या आसपास का हवं ते कळेल.

“पायलट झोपेत होता.” झोपेत नव्हता. कॅप्टन झोप येत असल्याचं बोलल्याचं रेकॉर्डरवर आहे आणि थकवा हे पूरक कारण म्हणून अहवालात आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण मूळ ठपका ब्रीफिंगवर, म्हणजे कसं उतरायचं याच्या आधीच्या आखणीवर आहे. पट्टी डोळ्यांनी दिसेल असं गृहीत धरून तयारी झाली. ग्लाइड स्लोप नसताना पायऱ्या कशा घ्यायच्या, व्हीओआर कुठे आहे, यावर नीट बोलणं झालं नाही. उतरताना ग्लाइड स्लोप चालू आहे की नाही यावर कॉकपिटमध्ये पुन्हा गोंधळ झाला. को-पायलट आणि फ्लाइट इंजिनिअर यांनी वेळेत हटकलं नाही, हाही ठपका आहेच. को-पायलटने परत वर जाऊ म्हटलं ते आदळण्याच्या जेमतेम सहा सेकंद आधी. जम्बोला तेवढा वेळ फार थोडा. एकट्या माणसावर खापर फोडलं की बाकी दोघांचं मौन झाकलं जातं.

“टॉवरवाले बघत बसले” हे चूक, पण यामागची खरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रडारला जोडलेली किमान उंचीची इशारा यंत्रणा तिथे होती. खोटे इशारे फार येतात म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ती ५४ सागरी मैलांच्या आत मुद्दाम गप्प केली होती. तिचा पल्लाच ५५ मैलांचा! ती चालू असती तर विमान आदळण्याआधी सुमारे एक मिनिट इशारा वाजला असता, असं चौकशीत निघालं.

राहिलं “आयएलएस बसवा, विमान उतरणारच.” साध्या, म्हणजे कॅटेगरी एकच्या आयएलएसवर निर्णयाची उंची, म्हणजे जिथे पट्टी दिसली नाही तर वर निघायचं ती, पट्टीपासून २०० फूट असते आणि धावपट्टीवर किमान ५५० मीटर दिसावं लागतं. कॅटेगरी दोनला १०० फूट आणि ३०० मीटर. दाट धुक्यात ५० मीटर दिसत असेल तर यातलं काहीच चालत नाही, विमान वळणारच. शिवाय ५५० मीटरची सवलत पट्टीच्या अलीकडे अप्रोच लाइटची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या दिव्यांची, पूर्ण लांबीची रांग असेल तरच. ते नसले की मर्यादा बरीच वर जाते. त्या दिव्यांना पट्टीबाहेर जमीन लागते, म्हणजे पुन्हा भूसंपादन आलं. जमिनीवर अँटेना न लावता उपग्रहाच्या ‘गगन’ यंत्रणेवर उतरायची चाचणी एप्रिल २०२२ मध्ये किशनगढला एटीआर विमानाने झाली. छोट्या विमानतळांना ती वाट जास्त परवडणारी, पण दिव्यांची अट तिथेही सुटत नाही. सह्यांचं निवेदन द्यायचंच असेल तर त्यात आयएलएसच्या आधी अप्रोच लाइट किती मीटर आहेत आणि धावपट्टीवर दृश्यमानता मोजणारं यंत्र आहे का, हे विचारा.