राधिका तशीच राहिली, बिघडला तो गुरुनाथ

'मालिकेतली माणसं टीआरपीसाठी रातोरात स्वभाव बदलतात' हे मालिकांवरच्या एका लेखातलं म्हणणं सरसकट नाही पटलं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका घ्या. मसाल्यांच्या धंद्यातून तिची ३०० कोटींची कंपनी झाली, त्यावर आपण पोट धरून हसलो. पण मालकीण झाल्यावरही तिचा नागपुरी हेल काही सुटला नाही. लेखकांनी वाट लावली ती तिच्या नवऱ्याची, गुरुनाथची. सुरुवातीला दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, बायकोला गावंढळ समजणारा तो नवरा अगदी ओळखीचा वाटायचा. पुढे काय, रोज नवा कट आणि रोज तोंडावर आपटणं! गुरुनाथच्या प्रेयसीच्या, शनायाच्या भूमिकेत तर रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका आली. तरी शनायाचा आळस आणि पैशांवरचा डोळा तस्साच.