सीलबंद पाकीट हुंगणारे गृहस्थ

घरच्या बीअरसाठी हॉप्स (बीअरला कडवटपणा नि वास देणारी फुलं) घ्यायला गेलो होतो, मॅग्नम वाणाचं शेवटचं पाकीट उचललं, बस एवढाच माझा गुन्हा. शेजारच्या गृहस्थांनी ते माझ्या हातातून (अक्षरशः हातातून!) काढून घेतलं, नाकाला लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "याला कॅरेक्टर नाही."

अहो, पाकीट सीलबंद आहे! आतला वास बाहेर येऊ नये म्हणूनच ते फॉइल असतं ना!

"काय बनवताय?"

"साधं पेल एल."

"मग सिट्रा घ्या. आंब्याचा वास येतो."

"सिट्रा शेवटी घालणार. हे कडवटपणासाठी, ६० मिनिटं उकळायचंय."

"६० मिनिटं? मग आंब्याचा वास कुठे जाणार?"

"वाफेबरोबर जाणार! म्हणून तर मॅग्नम घेतोय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच हुंगलं होतं ते फॉइल. मग दहा मिनिटं व्याख्यान. कॅस्केड हे वाण म्हणे म्हातारं झालं. १९७२ मध्ये आलेलं बिचारं, त्याच्या ग्रेपफ्रूटसारख्या वासावर अमेरिकेतली अख्खी क्राफ्ट बीअर उभी राहिली, तर हे म्हणतात, "आता कोण पितं ते?" सिमको मात्र त्यांचं लाडकं. त्याच्या पाकिटावर पाइन नि पॅशनफ्रूट छापतात, काही लोकांना त्यात मांजराच्या मुताचा वास येतो ते कोणी छापत नाही.

आणि खरं बघायचं ते बारीक अक्षरात असतं. अल्फा अ‍ॅसिड (कडवटपणा यातूनच येतो) किती टक्के, कारण ते दर हंगामात बदलतं आणि वजनाचा हिशोब नव्याने करावा लागतो, आणि पीक कुठल्या वर्षाचं, कारण नीट न ठेवलेल्या जुन्या हॉप्सना चीजसारखा वास मारतो. यावर कुणी व्याख्यान देत नाही. सगळ्यांना फळं पाहिजेत. उकळून कडवटपणाच काढायचा असेल तर हॉप कुठलाही घ्या, फारसं बिघडत नाही, हे तोंडातून काढायची सोय नाही, लगेच तुम्ही अडाणी.

शेवटी वैतागून म्हटलं, बरं, द्या ते पाकीट. तर गृहस्थ काउंटरवर पोचलेले, बिल चालू, आणि बास्केटमध्ये माझं मॅग्नम!

"अहो, याला कॅरेक्टर नाही ना?"

"कडवटपणाला चालतं," म्हणाले, आणि गेले.

मला उरलं साझ. अल्फा ३ टक्के. मॅग्नमच्या १३ टक्क्यांच्या हिशोबाने चौपटीहून जास्त ओता, आणि मग तो हिरवा चोथा गाळत बसा.