वर्गणी कमी करून प्रश्न सुटणार नाही

अमेरिकेतील स्थानिक बोलिंग (चेंडू घरंगळवून पिना पाडण्याचा खेळ) संघटनांना लागलेल्या सदस्यांच्या गळतीचे कारण आपल्या लेखात केवळ वार्षिक वर्गणीत शोधले आहे, ते मला पटत नाही. पुरुष, महिला आणि युवकांच्या स्वतंत्र राष्ट्रीय संघटना 2005 साली एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस स्थापन झाली; सदस्याच्या वर्गणीतील काही वाटा स्थानिक संघटनेकडे जातो, आणि त्या पैशाचे नेमके काय होते, हा लीगमध्ये दर आठवड्याला खेळणाऱ्याचा खरा प्रश्न आहे. लेनची (चेंडू घरंगळतो त्या पट्टीची) तपासणी, खेळाडूंच्या सरासरी गुणांच्या नोंदी, स्थानिक स्पर्धांचे आयोजन ही कामे बहुतांशी स्वयंसेवक करतात (त्यांच्या कष्टांविषयी माझी तक्रार नाही), परंतु सदस्यांपर्यंत ती पोहोचतच नाहीत. त्यांच्या नजरेत भरते ती पहिल्यांदा 300 गुणांचा, म्हणजे सर्वोच्च शक्य गुणांचा, डाव साधणाऱ्याला मिळणारी अंगठी. 140 च्या सरासरीचा खेळाडू एखाद्या रात्री 200 ओलांडतो, तेव्हा मात्र अनेकदा त्याच्या संघाबाहेर कोणी दखल घेत नाही. हँडिकॅपच्या (कमी सरासरीच्या खेळाडूला दिल्या जाणाऱ्या वाढीव गुणांच्या) लाभासाठी मुद्दाम सरासरी खाली ठेवणाऱ्यांना आवर घालण्याची मागणीही जुनीच आहे. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी हंगामातून एकदा तरी प्रत्येक लीगमध्ये जाऊन जमाखर्च मांडावा आणि सदस्यांचे ऐकून घ्यावे. त्यासाठी वर्गणीला हात लावण्याची गरज नाही.