मामा, दहा शब्द सांग ना

रविवारी सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरलं, वरून मूठभर शेव टाकली आणि पहिला घास घेणार तोच पुण्याहून चिंगीचा व्हिडिओ कॉल. "मामा, होमवर्क आहे, तद्धित शब्द सांग ना दहा. म्हणजे नाम नाहीतर विशेषणाला प्रत्यय लावून झालेले."

आता आम्हा इंदूरवाल्यांचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी, पुण्यात तोंड उघडलं की लोक गालातल्या गालात हसतात, आणि त्याच पुण्यातून मराठीसाठी मला फोन! म्हटलं घे लिहून. गोडपासून गोडवा, महागपासून महागाई, पाटीलपासून पाटीलकी, दादापासून दादागिरी. चार तर असे फटाफट झाले. पाचवा खाऊ म्हटलं तर कार्टी म्हणते, "खा हा धातू आहे रे, ते कृदंत." बरं बाई, मग दयाळू. चालला. मग म्हटलं झोपाळू, आणि तिथेच माशी शिंकली.

कारण "झोप आली" मधली झोप नाम, पण "झोप आता" मधली झोप क्रियापद, मग झोपाळू नक्की कुठल्या झोपेतून उठला? लाजाळूचं तेच, विसराळूचं तेच. पंधरा मिनिटं आम्ही दोघं नुसतं "लाज", "लाज" करतोय, शेवटी बायको स्वयंपाकघरातून डोकावली, कोणाला म्हणताय म्हणून.

ती आळू मंडळी सोडून दिली आणि गावाकडे वळलो. इंदूरचं इंदुरी, पुण्याचं पुणेरी, आणि आमचे होळकर, नीराकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर! आठ झाले. मग मला जोरच चढला, म्हटलं संस्कृतात बघ, इक लागला की पहिला इ फुगून ऐ होतो, इतिहासचं ऐतिहासिक, इच्छेचं ऐच्छिक, तसं इंदूरचं ऐंदुरिक! पोरीने ऐतिहासिक, ऐच्छिक सोडलं आणि नेमकं ऐंदुरिक लिहिलं की हो वहीत. पेनने.

तेवढ्यात ताईचा चेहरा स्क्रीनवर. "ऐंदुरिक? बाई वर्गात उभं करतील तिला! तुझा शहाणपणा तुझ्यापाशी ठेव."

"आई थांब थांब," मागून आवाज, "शहाणापासून शहाणपणा! झाले दहा!"

आणि कट. थँक्यू नाही, काही नाही. इकडे पोहे गारढोण आणि शेव पार मऊ.