खुलासा : ‘पोर्ट ५०’ नावाचं काही नसतं

‘आयपीसेक व्हीपीएनसाठी फायरवॉलवर यूडीपी ५०० आणि पोर्ट ५० उघडा, झालं काम’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (आयपीसेक म्हणजे पॅकेट एन्क्रिप्ट करून पाठवायची पद्धत.) ५०० बरोबर आहे. ५० मात्र पोर्ट नाही. तो ईएसपीचा, म्हणजे आयपीसेकमध्ये एन्क्रिप्ट केलेला डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचा क्रमांक, जसा टीसीपीचा ६. ईएसपीला पोर्टच नसतात, म्हणून तो राउटरच्या नॅटमध्ये (पॅकेटचे पत्ते बदलण्याच्या सोयीत) अडकतो. वाटेत नॅट दिसलं की दोन्ही टोकं ईएसपी यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळतात. तेव्हा ४५०० उघडा हवाच.

टनेल जोडलेला, तरी पलीकडे पिंग जात नाही? लिनक्स गेटवेवर बहुतेक वेळा मास्करेड, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटला गेटवेचा पत्ता लावणारा नॅटचा नियम, आडवा येतो. तो पॅकेटवरचा पाठवणाऱ्या मशीनचा आतला पत्ता (उदा. १९२.१६८.१०.२५) आधीच बदलतो, मग पॅकेट व्हीपीएनच्या पॉलिसीत (कोणत्या पत्त्यांची पॅकेट एन्क्रिप्ट करायची त्या नियमात) बसत नाही आणि एन्क्रिप्ट न होताच बाहेर पडतं. हे फार धोक्याचं. पोस्टराउटिंगमध्ये (पॅकेट बाहेर पडताना लागणाऱ्या नियमांच्या यादीत) आयपीसेक पॅकेटना सूट देणारा नियम मास्करेडच्या वर टाका. खाली टाकलात तर त्याची पाळीच येत नाही.