रेल्वेनं बाळापूर बुडवलं का?

"रेल्वेनंच बाळापूर खाल्लं बाप्पा," गजूनं पानठेल्यावर पुन्हा तेच सुरू केलं. मोबाईलमध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना, इंचाला मैलवाला नकाशा उघडून बसलेला. मन आन म्हैस नद्यांच्या संगमावर एवढा किल्ला, काठावर मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, आन रुळाची काळी रेघ पाहा, गावाले टाळून पारसवरून सरळ अकोल्याले.

प्रमोद म्हणे, "मंग काय डोंगरातून नेतील काय बे? पूर्णेचं खोरं सपाट, खर्च कमी. त्याहिले मुंबईले कापूस न्यायचा होता, तुह्या किल्ल्याशी काय घेणं?"

हे बरोबरच आहे, अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले, तेव्हाच हे रूळ पुढं सरकत होते, १८६७ मध्ये गाडी नागपूरले पोचली. पण नकाशात मला खरी गंमत दुसरीच दिसते. मोठी लाईन खामगावलेही चुकली आणि अमरावतीलेही, आणि ह्या तर वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या पेठा! मग १८७० च्या आसपास जलंबवरून एक फाटा काढला, बडनेऱ्यावरून दुसरा. म्हणजे जिथं व्यापारी दांडगे तिथं गाडीले वाकडी वाट करून जावंच लागलं. बाळापूरले कोणी फाटा दिला नाही, कारण जिल्ह्याची कचेरी गाडीच्या आधीच अकोल्यात होती, कापसाचा बाजारही तिकडंच जमत गेला. रुळानं फक्त शिक्का मारला.

"अन पुलगाव?" गजू काही सोडत नाही. "वर्धा नदीवर पूल झाला, स्टेशन झालं, मिल आली, अन जुनं नाचणगाव बाजूले पडलं. थे कोणी केलं?"

इथं प्रमोद गप्प. मलाही मान्य करावं लागलं, जिथं आधी पेठ नव्हती तिथं स्टेशननंच गाव उभं केलं.

तेवढ्यात काकाजी, जे इतका वेळ सुपारी कातरत होते, "अन कारंजा काहून विसरता रे? महाराजांची स्वारी झाली थे १६७०, एवढा पैसा होता पेठेत. शकुंतला, थे छोटी गाडी, तर इंग्रजाच्या काळात, विसाव्या शतकात आली, अन बंदही पडली. मार्केट चालूच हाये ना?"

"चालू हाये, पण ट्रकवर," गजू म्हणे. "म्हणून तर म्हणतो, आता समृद्धीचा नकाशा काढा."

मग इंटरचेंज कोणाच्या गावाजवळ यावरून जे सुरू झालं, त्यात चहाचे पैसे कोणीच दिले नाहीत.